रक्तातला खबऱ्या
1965 साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीत एक प्रथिन सापडलं. गर्भातल्या बाळाच्या आतड्यातही ते असतं, म्हणून नाव पडलं कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. रिपोर्टवर मात्र नुसतं ‘सीईए’.

गुदाशयातली कर्करोगाची गाठ पूर्ण निघाली, की रक्तात वाढलेलं सीईए साधारण 4 ते 6 आठवड्यांत उतरतं. मग पहिली 2 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी तपासणीसाठी पुन्हा रक्त द्यायचं. आकडा मिलीलीटरमागे 5 नॅनोग्रॅमच्या आत आला, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात.

पण हा खबऱ्या तसा बेभरवशाचा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो उगाच चढलेला दिसतो; काहींचा रोग परततो, तरी आकडा हलत नाही. म्हणून आकडा वाढला, तर आधी तपासणी पुन्हा आणि मग सीटी स्कॅन.