बॅटीवरचा शिक्का



बाजारात दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का असतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण एकदा शिक्का मारला म्हणजे जन्माचं काम झालं, असं होत नाही. ठराविक मुदतीनं वजनकाटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. का बरं? तर वजन झिजतं, काटा सैल होतो. शिक्का तोच राहतो, पण माप बदललेलं असतं. आज ज्या खेळाविषयी बोलायचं आहे, त्यात नेमकी हीच अडचण उभी राहिली आहे.

तो खेळ म्हणजे सॉफ्टबॉल. आपल्या शालेय क्रीडास्पर्धांमुळे तो पुष्कळांना परिचित आहे. त्याचा जन्म अमेरिकेतल्या शिकागो शहरी १८८७ साली झाला. गुंडाळून बांधलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा हा चेंडू, आणि झाडूचा दांडा ही बॅट! आजचा चेंडू मात्र नावापुरताच मऊ आहे. बारा इंच घेराचा, सुमारे १८० ते २०० ग्रॅम वजनाचा तो चेंडू तोंडावर बसला, तर दात हातात येतील.

अमेरिकेत पन्नाशी उलटलेली माणसं हा खेळ मोठ्या हौसेनं खेळतात. साठ, सत्तर, अगदी ऐंशीच्या घरातल्या माणसांचेसुद्धा संघ आहेत. त्यांच्या खेळात चेंडू वेगानं फेकीत नाहीत. कमानीसारखा उंच आणि सावकाश टाकतात. मग धोका कसला, असं तुम्ही म्हणाल. धोका चेंडू येताना नाही, परत जाताना आहे.

पूर्वी बॅट लाकडाची होती. मग ॲल्युमिनियमची पोकळ बॅट आली, आणि पुढे कार्बनचे व काचेचे धागे राळेत बसवून केलेली बॅट आली. तिला कॉम्पोझिट म्हणतात. पोकळ बॅटीची भिंत चेंडू लागताच किंचित आत दबते आणि पुन्हा बाहेर येते. खाटेच्या ताणलेल्या नवारीवर पोरानं उडी मारली म्हणजे ती त्याला वर उडवते ना, तसंच हे.

हे उसळणं किती असावं, याला मर्यादा हवी. न्यूयॉर्क विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रिचर्ड ब्रांट यांनी त्यासाठी एक माप बसवलं. त्याला बीपीएफ म्हणतात. चेंडू घट्ट भिंतीवर आपटून जितका उसळतो, त्याच्या किती पट तो बॅटीवरून उसळतो, हा तो आकडा. १.२० म्हणजे भिंतीपेक्षा वीस टक्के जास्त. अमेरिकेतल्या प्रौढांच्या खेळात १.२१ ही मर्यादा धरतात, आणि तसा शिक्का बॅटीवर छापलेला असतो.

आता यातली गोम पाहा. या चाचणीत बॅट स्थिर ठेवतात, आणि तिच्यावर ताशी ६० मैल वेगानं चेंडू सोडतात. पण मैदानावर बॅट स्थिर असते काय? ती जोरानं फिरत असते, आणि चेंडूही समोरून येत असतो. दोहोंचा वेग मिळून धडक पुष्कळ मोठी होते. सावकाश धडकेत गरीब गाईसारखी वाटणारी बॅट जोराच्या धडकेत कशी वागेल, हे या मापानं नीट कळत नाही. शिवाय कॉम्पोझिट बॅट वापरता वापरता आतून सैल होते आणि अधिकच उसळते. चाचणी झाली नव्या बॅटीची. मैदानात आली मुरलेली बॅट. शिक्का मात्र तोच!

म्हणूनच अमेरिकेच्या सॉफ्टबॉल महासंघानं २००४ साली दुसरी रीत स्वीकारली. तिच्यात चेंडू ताशी ११० मैल वेगानं बॅटीवर सोडतात. त्यावरून ठराविक जोराच्या फटक्याला चेंडू किती वेगानं निघेल याचं गणित करतात, आणि तो वेग ताशी ९८ मैलांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. प्रौढांच्या खेळात मात्र जुना आकडा टिकून राहिला.

तो का टिकला, हेही समजून घेतलं पाहिजे. म्हातारपणी मनगटात जोर राहत नाही. उसळती बॅट हाती असली, की सत्तरीच्या माणसाचा फटकाही लांब जातो, आणि खेळाची गोडी टिकते. त्यांचं हे म्हणणं काही खोटं नाही. पण दुसरी बाजूही पाहा. चेंडू टाकणारा पिचर ५० फुटांवर, म्हणजे सव्वापंधरा मीटरांवर उभा असतो. ताशी ९८ मैलांनी परतणारा चेंडू हे अंतर सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात तोडतो. तोही सत्तरीचाच! डोळ्यांनी पाहिलं आणि हात वर गेला, यातच तरुणाचा पाचवा हिस्सा सेकंद जातो. वयाबरोबर तो वेळ वाढतो. ज्या वयासाठी बॅटीला सवलत दिली, त्याच वयाचा माणूस समोर उभा आहे, हे विसरून कसं चालेल?

यावर उपाय आहेत. चाचणी खऱ्या वेगानं घ्यावी. मुरलेल्या बॅटीही सामन्याआधी दाबयंत्राखाली पाहाव्या; काही ठिकाणी तसं करतातही. पिचरनं तोंडावर जाळी बांधावी, त्याच्यापुढं आडोसा असावा. एवढं केल्यावर म्हाताऱ्यांनी लांब फटके खुशाल मारावे.

गुरुजी, बाई, तुमच्या शाळेतल्या पेटीतल्या बॅटीही एकदा बाहेर काढा. त्या अशा महागड्या नसतील, पण कुठं तडा गेला आहे का, हलवल्यावर आत काही खुळखुळतं का, मुठीचं वेष्टण सुटलं आहे का, हे पाहा. संशय आला तर ती बॅट बाजूला ठेवा. बॅट फिरवणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असू द्या, आणि जवळ उभ्या असलेल्या मुलांना मागं घ्या. नियमाच्या पुस्तकातला आकडा पाळायचाच. पण तो कोणत्या बॅटीसाठी आणि कोणत्या वेगासाठी ठरवला होता, एवढं मुलांना विचारायला शिकवलंत, तर खेळाच्या तासाला विज्ञानाचाही धडा होईल.