मुलाची चोरी आणि आईबापांची देणेदारी



विषय कडू आहे, पण टाळून चालणार नाही. समजा, हिंगणघाटच्या बाजारात 14 वर्षांच्या मुलाने दुकानातून मोबाईल उचलला आणि तो पकडला गेला. दुकानदार घरी येऊन म्हणतो, "पोरगा तुमचा, पैसे तुम्ही भरा." गल्ली जमते. अब्रूच्या भीतीने बाप पुढे केलेल्या कागदावर सही करतो. कायद्याने तो खरोखर देणे लागतो काय?

केवळ बाप आहे म्हणून लागत नाही. आपल्याकडील न्यायालयांनी मानलेल्या तत्त्वाप्रमाणे मुलाच्या अपकृत्याची भरपाई नात्यामुळे आईबापांवर येत नाही. दावा लागतो तो मुलावर. त्या कागदावर 'अज्ञान, पालनकर्ता वडील' असे वाचून पुष्कळ लोक घाबरतात; परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 32 व्या आदेशाप्रमाणे तेथे बाप मुलाची बाजू मांडण्यापुरता उभा असतो. हुकूमनामा झालाच तर तो मुलाच्या मालमत्तेवर बजावला जातो. मुलाला आईच्या वारशाने काही आले असेल तर त्याला झळ लागेल, बापाच्या शेताला नाही.

आपल्यात 15 वर्षांचा मुलगा बालिग मानण्याची चाल आहे. 1875 च्या सज्ञानता कायद्याने निकाह, मेहेर, तलाक हे विषय बाजूला ठेवले खरे (लग्नाच्या वयाबाबत 2006 चा कायदा आहेच), पण दाव्या-देण्याच्या बाबतीत 18 पूर्ण होईपर्यंत मूल अज्ञानच.

मग बाप सापडतो केव्हा? स्वतःच्या करणीने. त्यानेच मुलाला पाठवले असेल, तर तो जबाबदार. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घरात ठेवला, तर भरपाई राहिली बाजूला, तो त्याचा स्वतंत्र गुन्हा होतो. पुष्कळ माता "पोराला मारतील" म्हणून वस्तू पेटीत लपवतात. त्यांनी हे नीट ऐकावे. आणखी एक प्रकार आपल्या कारागीर घरांतला आहे. घड्याळ दुरुस्तीला आलेले गिऱ्हाइकाचे घड्याळ मुलाने पळवले, तर बापाला बहुधा भरून द्यावे लागेल. ते बाप म्हणून नव्हे, तर विश्वासाने सोपवलेली वस्तू शहाण्या माणसासारखी सांभाळली नाही म्हणून. 1872 च्या करार कायद्याचे 151 वे कलम हेच सांगते.

फ्रान्समध्ये उलट आहे. मुलाने केलेल्या नुकसानीस आईबाप जबाबदार, आणि 1997 पासून "आम्ही नीट लक्ष ठेवले होते" हा बचावही तेथे चालत नाही. आपल्या संसदेने 2019 मध्ये अज्ञान मुलाच्या हाती वाहन देण्याबद्दल पालकाला कैद व 25,000 रुपये दंड ठेवला. चोरीबाबत तसे कलम केलेले नाही. मात्र 2015 च्या कायद्याखालील बाल न्याय मंडळ मुलाला किंवा आईबापांना दंड भरायला सांगू शकते, आणि मुलाच्या वर्तणुकीबद्दल 3 वर्षांपर्यंतचे बंधपत्र लिहून घेऊ शकते. हा दंड म्हणजे दुकानदाराची भरपाई नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, ज्यांचे सेवाग्राम आपल्या जिल्ह्यात आहे त्या गांधीजींनीही 15 व्या वर्षी भावाच्या कड्यातले सोने चोरले होते, आणि चिठ्ठी लिहून ते वडिलांना सांगितले होते. घरी सांगता आले तर वस्तू विकली जाण्याआधी परत करता येते.

पालकांनी वस्तू जरूर परत करावी, शक्य असेल तर किंमतही द्यावी. त्यात माणुसकी आहे. पण पावती घ्यावी, तीत वस्तू, रक्कम व तारीख असावी. "मी इतके देईन" असे स्वतःच्या नावाने लिहून दिलेत की जे देणे कायद्याने तुमचे नव्हते, ते तुमच्या शब्दाने तुमचे होऊ शकते. कोऱ्या कागदावर तर सही मुळीच नको. मुलाला पोलिसांनी नेले तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. 24 तासांत मंडळापुढे न्यावे लागते, हे ठाण्यात शांतपणे सांगावे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना तेथे उत्पन्नाची अट नाही.