शुश्रूषा करणाऱ्यानेही स्वतःला जपावे



घरातील एखादी व्यक्ती पक्षाघाताने अंथरुणास खिळली, की भेटीस येणारा प्रत्येक जण रुग्णाची विचारपूस करतो. उशाशी जागणाऱ्या पत्नीला, मुलाला किंवा सुनेला मात्र ‘तुम्ही जेवलात का?’ असे क्वचितच कोणी विचारते. आजचे हे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत.

आपली सेवा हा उपचाराचाच भाग आहे. रुग्ण घरी आल्यानंतरची काळजी बहुतांशी आपल्या हाती असते. म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत.

स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर 2 तासांनी बदलावी. त्या वेळी माकडहाड, खुबे, कोपरे व टाचा नीट पाहाव्यात. लालसर झालेला भाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे काळसरपणा, ऊब किंवा कठीणपणा तपासावा. अशा जागेवर भार येऊ देऊ नये, ती चोळू नये आणि आरोग्य केंद्रास कळवावे.

जेवण रुग्णास बसवून, लहान घासांनी द्यावे व त्यानंतर अर्धा तास त्यास बसते ठेवावे. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज तोंडाने काही देऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. तोंड वाकडे होणे, हाताची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे अचानक दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता 108 किंवा 112 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता आपल्याविषयी. रुग्णास उठवताना कमरेतून वाकू नये. गुडघे वाकवावेत व त्यास आपल्या अंगाजवळ घ्यावे. त्याचा दुर्बळ हात धरून ओढू नये, खांद्यास इजा होते. आपली जेवणाची वेळ आणि आपली औषधे चुकवू नयेत.

सर्व भार एकट्याने वाहू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी कोणी बसायचे, हे कागदावर लिहून भिंतीवर लावावे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणाऱ्यास संकोच न करता नेमके काम सांगावे: औषधे आणणे, दुपारी दोन तास रुग्णाजवळ बसणे, एक रात्र जागणे. घरच्या पुरुषांनीही यात आपला वाटा उचलावा. शुश्रूषा हे केवळ स्त्रियांचे काम नव्हे.

कधी चिडचिड होईल, कधी रुग्णावर आवाज चढेल आणि मागाहून मन खाईल. त्याने आपली माया कमी ठरत नाही. आपण थकला आहात, एवढाच त्याचा अर्थ. झोप उडाली, सतत रडू येऊ लागले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर 14416 या क्रमांकावर ‘टेली-मानस’शी बोलावे. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 हा मदत क्रमांक आहे.

दिव्यात तेल असेल तोवरच तो उजेड देतो. आज रात्री कोणास तरी उशाशी बसवा आणि आपण निश्चिंतपणे झोपा. तीही रुग्णाची सेवाच आहे.