दुबईचा कॅमेरा आणि पाटोद्याचा नाका



लग्नसराई तोंडावर आली की आपल्याकडच्या फोटोग्राफर मंडळींत एक विषय हमखास निघतो. अमक्याच्या मेव्हण्याने दुबईहून बॉडी आणली म्हणे, वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त! नायगावच्या मयूर अभयारण्यात लांबलचक लेन्स घेऊन फिरणारे हौशी लोकही हेच बोलतात. कारखाना एक, खोकं एक, मग भाव निराळा का?

बीडला हा प्रश्न नवा नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि पाटोद्याच्या शेजारचं जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. सोयरीक इकडची तिकडे, पण माल न्यायचा तर मधे करोडगिरीचा नाका. १८०२ च्या तहाने ठरलेली शेकडा पाच जकात तिथे मोजायची. नाणंही वेगळं. तिकडे कलदार, इकडे हाली. सहा कलदारांना साधारण सात हाली. समजा, नगरला ६० कलदारांचा बॉक्स कॅमेरा कुणी बीडला आणला. हालीत झाले ७०, वर जकात, म्हणजे ७३ रुपये ८ आणे. ऐकणाऱ्याला वाटावं, साडेतेरा रुपये जास्त गेले! पण त्यातले दहा नुसते नाण्याचे. खरा भुर्दंड साडेतीन रुपयांचा.

आज नाक्याच्या जागी जीएसटी आहे. डिजिटल कॅमेऱ्यावर तो आधी २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. दुबईत व्हॅट ५ टक्के, जपानमध्ये १०, जर्मनीत १९. आपल्याकडचा दोन लाखांचा कॅमेरा घ्या. कर वजा केला तर तो एक लाख एकोणसत्तर हजारांच्या आसपास येतो. त्यावर दुबईचा कर लावला तर एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार. मेव्हण्याचे बावीस हजार इथेच सापडले. अमेरिकेतला भाव मात्र जपून ऐकावा. तिथल्या पाटीवर विक्रीकर धरलेला नसतो, आपल्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात.

करापलीकडे कंपनीचं स्वतःचं गणित असतं, आणि माझ्या मते महागड्या कॅमेऱ्यांत तेच जास्त बोलतं. लायकासारख्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मोजकं. माल महिनोन्‌महिने पडून राहतो, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज, सर्व्हिस सेंटरचा खर्च, उद्या रुपया घसरला तर काय ही धास्ती, हे सगळं अधिकृत आयातदार किमतीत आधीच घालून ठेवतो. जिथे खप मोठा आणि दुकानांची चुरस जास्त, तिथे ही भर घालताना तो हात आखडता घेतो.

मग बॅगेतून आणावा का? २०१६ च्या बॅगेज नियमांत दुबईहून येणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंना सूट होती. वरच्या रकमेवर साडेअडतीस टक्के ड्यूटी. आपल्या एक लाख अठ्ठ्याहत्तर हजारांच्या कॅमेऱ्यावर ही ड्यूटी एकोणपन्नास हजारांच्या वर जायची. म्हणजे घरी पोचेपर्यंत तो सव्वादोन लाखांच्या पुढे जायचा! स्वस्त पडला असं सांगणारे बहुतेक जण कस्टमच्या ग्रीन चॅनेलमधून निमूट बाहेर आलेले असतात, एवढंच.

शिवाय ज्याचा स्टुडिओ जीएसटीत नोंदलेला आहे, त्याला इथे भरलेला १८ टक्के कर आपल्या देण्यातून वळता करून घेता येतो. दुबईच्या बिलावर भरलेला व्हॅट असा वळता होत नाही. वॉरंटीचंही तसंच. कित्येक कंपन्यांची ती देशापुरतीच असते, आणि ऐन लग्नात शटर गेलं तर सर्व्हिस सेंटरवाला आधी बिल मागतो.

जुनी बॉडी घेत असाल तर मूळ खोकं मागून घ्या. रीतसर आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेलं लेबल असतं. ते नसेल, तर मालकाने ‘इंडिया पीस’चा भाव सांगितला तरी तेवढा देऊ नका.