गावची निवडणूक आणि खर्चाचा हिशेब

(परतूर तालुक्यातील वाटूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जालना, मंठा आणि परतूर या तिन्ही दिशांच्या रस्त्यांचा संगम आपल्या वाटूर फाट्यावर होतो. निवडणुकीच्या दिवसांत अशा फाट्यावर उभे राहिले, की कोणत्या उमेदवारामागे किती पैसा उभा आहे हे फलकांच्या आकारावरूनच कळते. ज्याचा फलक लागलेलाच नाही, तो उमेदवार कदाचित गावाचा कारभार सर्वांत चोख करील. पण त्याची गणती आपण आधीच सोडून दिलेली असते. आज या विषयाचा थोडा हिशेबी विचार करावा, असे मी योजिले आहे.

१९५८ च्या अधिनियमाने ग्रामपंचायतींना कायद्याची बैठक दिली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अंमलात आली आणि १९९४ साली महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. स्थानिक निवडणुकांच्या खर्चावर देखरेख ठेवण्याचे काम आज या आयोगाकडे आहे.

नियम समजण्यास अवघड नाहीत. २०१७ साली थेट सरपंच निवडीच्या वेळी आयोगाने ठरविलेली मर्यादा अशी होती: सात व नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवारास २५,००० रुपये आणि सरपंचपदाच्या उमेदवारास ५०,००० रुपये, अकरा व तेरा सदस्यांच्या ठिकाणी अनुक्रमे ३५,००० आणि १ लाख, पंधरा व सतरा सदस्यांच्या ठिकाणी ५०,००० आणि १ लाख ७५ हजार. स्थानिक निवडणुकांच्या खर्चमर्यादा २०२५ साली वाढविण्यात आल्या. म्हणून प्रत्येक निवडणुकीच्या वेळी चालू आदेश तहसील कार्यालयातून पाहून घ्यावा. निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराने हिशेब दिला पाहिजे. निवडून आलेला, पडलेला आणि बिनविरोध आलेला, असा भेद येथे नाही. सबळ कारणाशिवाय हिशेब न देणाऱ्यास अधिनियमाच्या कलम १४ ब अन्वये पाच वर्षांसाठी अनर्ह ठरविता येते. कारणे नोंदवून ही अनर्हता दूर करण्याचा अथवा तिची मुदत कमी करण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे.

या कलमाचा फटका कोणाला बसतो, हे पाहण्यासारखे आहे. ज्याच्याजवळ कारकून आहे, त्याचा हिशेब वेळेवर आणि मर्यादेच्या आत बसवून दाखल होतो. पराभूत झालेला शेतमजूर मात्र ‘हरलो, विषय संपला’ असे समजून दुसऱ्या दिवशी रानात जातो. त्याने खर्च केलेले असतात दोन-चार हजार. पण कागद न दिल्यामुळे पुढची निवडणूक त्याच्या हातून जाऊ शकते. पैशाला आवर घालण्यासाठी केलेला नियम अशा वेळी पैसा नसलेल्यालाच बाहेर ठेवतो. हा दोष कायद्याच्या हेतूत नसून आपण तो लोकांपर्यंत न पोहोचविण्यात आहे.

आता एक साधे गणित मांडतो. ग्रामपंचायत सदस्यास सभेचा भत्ता दोनशे रुपये मिळतो. दरमहा एक सभा धरली, तर पाच वर्षांच्या साठ सभांचे बारा हजार रुपये होतात. २०१७ ची सर्वांत लहान मर्यादा पंचवीस हजारांची होती. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून खर्च करणाऱ्यालाही तो पैसा पदाच्या मार्गाने परत मिळणे शक्य नाही. मग मर्यादेच्या कितीतरी पटींनी खर्च करणारा तो कोठून भरून काढणार? त्याचे उत्तर रस्त्याच्या खडीत आणि नळयोजनेच्या जलवाहिनीत शोधावे लागते.

दुसरी गोष्ट उसनवारीची. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनामत रक्कमही ग्रामपंचायतीसाठी सर्वसाधारण उमेदवारास ५०० व राखीव प्रवर्गास १०० रुपये, इतकी अल्प आहे. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. परंतु भूमिहीन घरातील भगिनी उभी राहते, तेव्हा पत्रकांचा, गाड्यांचा आणि जेवणावळींचा खर्च दुसराच कोणी करतो, आणि निकालानंतर शिक्का तिचा व कारभार त्याचा, अशी स्थिती होते. आरक्षणाने दिलेली जागा कर्जाने परत घेतली जाते.

याचे टोक जानेवारी २०२१ मध्ये दिसले. सरपंच व सदस्यपदांचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाल्याने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. असा पैसा देवळाला किंवा गावच्या कामाला लावू, असे समर्थन केले जाते. पण बोली लावू न शकणाऱ्या गावकऱ्याचा उभे राहण्याचा हक्क त्या कामाखाली गाडला जातो.

केवळ मर्यादा घालून हे थांबत नाही, म्हणून शासनाने उमेदवारांना साहाय्य द्यावे, असा विचार पुढे आला. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ साली तो मांडला. रोख रकमेऐवजी वस्तुरूप मदत द्यावी आणि ती मान्यताप्राप्त पक्षांपुरती असावी, असे तिचे मत होते. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात संपूर्ण शासकीय खर्च व्यवहार्य मानला नाही. अप्रत्यक्ष, वस्तुरूप साहाय्यास मात्र अनुकूलता दर्शविली. आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. त्यामुळे पक्षांना मदत देण्याची योजना उद्या आली, तरी गावातील उमेदवाराच्या हाती त्यातले काही पडणार नाही.

याबाबत अमेरिकेतील सिॲटल या शहराचा प्रयोग विचारात घेण्यासारखा आहे. तेथील मतदारांनी २०१५ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे शहरवासीयांना प्रत्येकी पंचवीस डॉलरची चार कूपने मिळतात. ती त्यांनी आपल्या पसंतीच्या स्थानिक उमेदवारास द्यावयाची, आणि ती स्वीकारणाऱ्या उमेदवाराने खर्चाची मर्यादा पाळावयाची. २०१७ च्या निवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. ही योजना जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. परंतु साहाय्य थेट स्थानिक उमेदवाराला द्यावे आणि त्याला मर्यादेची अट जोडावी, हे त्यातील तत्त्व आपल्याला उपयोगी आहे.

आपल्या गावांना साजेसे रूप सुचवितो. सर्व उमेदवारांची सारख्या जागेत माहिती देणारे एकच पत्रक शासकीय खर्चाने छापून घरोघर द्यावे. प्रत्येक प्रभागात एक सामाईक फलक असावा आणि खासगी फलकांना मनाई असावी. निवडणूक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली एक सामाईक सभा व्हावी आणि तीत प्रत्येकास समान वेळ मिळावा. यास रोख रक्कम कोणाच्याही हाती देण्याची गरज नाही. यासाठी नियमांत तरतूद व्हावयास हवी, आणि तशी मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून शासनापर्यंत पोहोचणे उचित ठरेल.

तोपर्यंत आपण हात बांधून बसावयाचे कारण नाही. निकालाच्या दिवशीच प्रत्येक उमेदवारास हिशेबाचा नमुना व अंतिम तारीख लेखी मिळेल, अशी दक्षता अधिकाऱ्यांनी घ्यावी. मतासाठी दिलेली जेवणावळ हीसुद्धा लाच आहे आणि निवडणुकीतील लाच हा कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना सांगावी. ती घरी पोहोचेल. पंचायत सदस्यांनी आपला निवडणूक खर्च ग्रामसभेत स्वतःहून वाचून दाखवावा. गावाचा जमाखर्च मांडण्याचा अधिकार ज्याने स्वतःचा जमाखर्च मांडला आहे, त्याला अधिक शोभतो.

ज्या दिवशी उसने न घेता कोणीही गावकरी आणि कोणतीही भगिनी उमेदवारी अर्ज भरू शकेल, त्या दिवशी पंचायत राज्याचा लाभ गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.