पंख्याची वैरण



आज आम्ही तुमच्याशी बल्ब, पंखा आणि फ्रिज यांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात शिकायचे ते काय? दुकानात जायचे, पैसे द्यायचे, वस्तू घरी आणायची. पण मंडळी, तिथे फक्त पहिले देणे संपते. पुढे ती वस्तू वीज खाते. त्या विजेचे देणे दर महिन्याला चालू राहते.

बैल विकत घेताना शेतकरी काय पाहतो? नुसती किंमत पाहतो का? नाही. तो दात पाहतो, चाल पाहतो. बैल खातो किती आणि ओढतो किती, याची चौकशी करतो. स्वस्त बैल वैरण फार खाऊ लागला आणि काम थोडे करू लागला, तर तो महागच पडला म्हणायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पंख्याचेही तसेच आहे. पंख्याची वैरण म्हणजे वीज.

ही वैरण मोजायची कशी? वस्तूवर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. वॅट म्हणजे विजेची भूक. १००० वॅटची वस्तू एक तास चालली, की एक युनिट वीज झाली. बिल या युनिटवरच येते. बिल हातात घ्या. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असे दोन आकडे दिसतील. मोठ्यातून लहान वजा करा. उरले तेवढे युनिट आपण महिन्यात वापरले.

आता बल्ब घेऊ. जुना पिवळा बल्ब ६० वॅटचा असे. रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. साधारण तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी बल्ब देतो. त्याला महिन्याला दीड युनिटही लागत नाही. असे का होते? पिवळा बल्ब पेटल्यावर हात लावून बघा. नको, हात भाजेल! त्याला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. उजेड थोडाच मिळतो. एलईडीत तसे होत नाही. २०१५ साली सरकारच्या उजाला योजनेतून हे बल्ब गावोगाव स्वस्तात मिळू लागले, आणि आज बहुतेक घरांत ते आले आहेत.

बल्ब बदलला, पण डोक्यावरचा पंखा? तो अजून जुनाच आहे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. आता बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात. तेवढाच वारा ते ३० वॅटच्या आसपास देतात. या ४५ वॅटच्या फरकाचे काय एवढे, असे वाटेल. चला, हिशेब मांडू.

चाकणची औद्योगिक वसाहत वाढली. २०१० साली निघोजे गावच्या हद्दीत महिंद्राचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. लांबलांबचे कामगार आले. गावातल्या लोकांनी खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. एका खोलीत तिघे-चौघे राहतात. एक रात्रपाळी करून येतो आणि दिवसा झोपतो. दुसरा रात्री झोपतो. पंख्याला सुट्टीच नाही. म्हणून आपण तो रोज १६ तास चालतो असे धरू.

साधा पंखा महिन्याला ३६ युनिट खाईल. बीएलडीसी पंखा साडेचौदा युनिट खाईल. साडेएकवीस युनिट वाचले. हिशेबापुरता युनिटचा दर ८ रुपये धरा. महिन्याला १७२ रुपये वाचले. समजा, साधा पंखा १५०० रुपयांना आहे आणि बीएलडीसी २८०० रुपयांना. वरचे १३०० रुपये आठ महिन्यांत फिटतात. थंडीत पंखा कमी फिरतो, म्हणून वर्ष धरा. पुढची सगळी वर्षे नफ्याची. तुमच्या बिलावरचा दर घ्या आणि हीच बेरीज-वजाबाकी घरी करून बघा.

पण इथे एक गाठ आहे. पंखा विकत घेतो खोलीमालक, आणि बिल भरतो भाडेकरू. मालक म्हणतो, "मी कशाला महाग पंखा लावू? वीज काय मी भरतो?" भाडेकरू म्हणतो, "खोली माझी नाही. मी कशाला पैसे घालू?" दोघांचेही बोलणे आपापल्या जागी बरोबर वाटते. आणि जुना पंखा दोघांच्या डोक्यावर वीज खात राहतो.

ही गाठ सुटते. भाडेकरू भावांनो, वर्षभर राहणार असाल तर पंखा स्वतः घ्या. मालकाला आधी सांगा. त्यांचा पंखा नीट गुंडाळून त्यांच्या हवाली करा. खोली सोडताना त्यांचा परत लावा आणि आपला घेऊन जा. पावती जपून ठेवा, म्हणजे वाद होत नाही.

खोलीमालकांनो, तुमचाही फायदा ऐका. सगळ्या खोल्या एकाच मीटरवर असतील, तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटचा दर कमी, पुढच्यांचा जास्त. दहा खोल्यांत चांगले पंखे लावले तर महिन्याला २१५ युनिट वाचतात, आणि तेही वरच्या, महाग टप्प्यातले. भाड्यातच लाइट धरलेली असेल, तर ते सगळे पैसे तुमच्याच खिशात राहतात.

आता दुकानात ओळखायचे कसे? त्यासाठीच तुम्ही वाचायला शिकलात! २००२ साली केंद्र सरकारने ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन केला. २००६ पासून त्याचे स्टारचे लेबल सुरू झाले. एक ते पाच स्टार असतात. जितके स्टार जास्त, तितकी वीज कमी. छताच्या पंख्यांवर हे लेबल २०२३ सालापासून सक्तीचे आहे. लेबलावरचे आकडे इंग्रजी असतात, पण घाबरू नका. ते दहाच आहेत, आणि नोटांवर नि मोबाइलवर तुम्ही ते रोज पाहता.

फ्रिज घेताना नुसते स्टार मोजून थांबू नका. लेबलावर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो. सारख्याच लिटरचे दोन फ्रिज घ्या आणि दोन आकडे ताडून बघा. लेबलावरचे सालही वाचा. स्टारचे नियम काही वर्षांनी कडक होतात. त्यामुळे जुन्या सालचे पाच स्टार आजच्या पाचांइतके नसतात. फ्रिज चोवीस तास चालतो. म्हणून स्वस्तात मिळाला म्हणून फार जुना फ्रिज आणू नका. घरातला फ्रिज चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर सैल झाले आहे. ते बदलून घ्या.

एका ठिकाणी मात्र महाग वस्तूने फार काही साधत नाही. पाणी तापवण्याचा रॉड स्वस्त असो की महाग, पाणी तापायला वीज लागते तेवढी लागतेच. १५०० वॅटचा रॉड एक तास चालला की दीड युनिट गेले. तिथे उपाय दोनच. लागेल तेवढेच पाणी तापवा, किंवा गच्चीवर सौर बंब बसवा. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालू नका. जिवावर बेतते.

मंडळी, विजेची काटकसर म्हणजे अंधारात किंवा उकाड्यात बसणे नव्हे. उजेड तेवढाच, वारा तेवढाच, वैरण मात्र कमी.

ध्यानात ठेवा :

१. किंमत विचारा, आणि वॅटही विचारा.
२. रोज जास्त तास चालणारी वस्तू आधी बदला.
३. लेबलावरचे स्टार, युनिट आणि साल वाचा.
४. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर जोडू नका. तो काढून पंखा थेट बटणावर घ्या. काम वायरमनकडून करून घ्या.
५. मालक आणि भाडेकरू यांनी हिशेब एकत्र बसून करावा.

पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने आपले विजेचे बिल घेऊन यावे. आपण ते मिळून वाचू.