मोटार आली तेव्हा
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



आम्ही पुणे-नगर रस्त्यावरील शिरूरचे. जुन्या लोकांच्या तोंडी गावाचे नाव घोडनदीच. बैलगाडी आणि टांगा यांच्या चाकांवर आम्हां सुतार-लोहारांची चूल पेटे. एकाने आरे बसवावे, दुसऱ्याने तापलेली धाव चढवावी. त्या रस्त्याने पहिली मोटार धुरळा उडवीत गेली तेव्हा बैल बुजले, मुले मागे धावली, आजोबा मात्र म्हणाले, "आता आपले काय होणार?"

ही भीती खोटी नव्हती, पण अपुरी होती. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीच्या चाकांना पुष्कळ वर्षे लाकडी आरेच असत. इंजिन हँडल मारून चालू करावे लागे. ते उलटले तर मनगट मोडे. अशी गाडी आडगावी बिघडली, तर तिला वाली कोण? आरा घडविणारा सुतार आणि स्प्रिंगचा पाटा ठोकणारा लोहारच!

तरीही आमच्या घरातील एक मुलगा मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात हाताखाली राहिला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यास दोन वर्षे पंगतीस बोलाविले नाही. हे सांगताना आजही आम्हांस संकोच होतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली आणि मोटारींना कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. लोहाराच्या पोराला भट्टी काय नवी? त्याच्याच कमाईवर घर तगले. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. तिची बांधणी लाकडी होती. त्या दिवशी आजोबांनी त्यास हाताला धरून आपल्या शेजारच्या पाटावर बसविले.

बंधूंनो, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एस. टी.ची विजेवर चालणारी 'शिवाई' सुरू झाली. तिला इंजिन नाही, गिअर नाही. आपली कित्येक मुले आज गॅरेजात आहेत; आजोबांचाच प्रश्न आता ती विचारीत आहेत. त्यांना उत्तर देण्यासाठी आपल्या शिक्षणनिधीतून केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांना नव्हे, तर हे नवे काम शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींनाही साहाय्य मिळावे, अशी आमची नम्र सूचना आहे. एकदा आपण शिकणाऱ्यास पंगतीबाहेर ठेविले. ती चूक पुन्हा न होवो.